एका बोटाचं अंतर

कुणीतरी म्हटलंय की हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं गाणारं वादन, दिलं ते फक्त व्हायोलिनवादक एन. राजम यांनी. त्यांची थोरवी मान्यच, पण 'फक्त' खटकलं. आपल्या मुंबईच्या व्हायोलिनवादक डी. के. दातारांना कसं विसरता? १९३२ चा जन्म, राजमबाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठे. राजमबाई गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या, तर दातारांना गायक द. वि. पलुस्करांची तालीम मिळाली. गंमत म्हणजे ओंकारनाथ हे पलुस्करांच्या वडिलांचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य. म्हणजे दोघांच्याही गजामागचा (व्हायोलिन वाजवायच्या काठीमागचा) गळा एकाच घरातला! द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी गेले, तेव्हा दातार तेवीस वर्षांचे होते.

गायकी अंग म्हणजे नेमकं काय, हे मला हौशी शिकताना कळलं, तेही कान पिळून घेतल्यावर. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी टेकवायचं, म्हणजे वाद्य धरायच्या काळजीतून डावा हात सुटतो. मग ग वरून रे वर यायचं तर दुसरं बोट ठेवायचं नाही, त्याच बोटाने तारेवरून घसरत यायचं, आणि तोवर गज उलटवायचा नाही, कारण गज उलटला की श्वास तुटल्यासारखं वाटतं. माझा गज निम्म्यातच संपायचा. दातारांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतलं वादन, ऐकताना गज कुठे उलटला ते शोधून बघा, सापडला तर मलाही सांगा.