साठ रुपयांच्या गोळीचा हिशेब

‘साखरेसाठी रोज साठ रुपयांची गोळी कशाला?’ असं मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीबद्दल विचारलं जातं, पण हा हिशेब जुना झाला. तिचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. आता कित्येक ब्रँड 15 रुपयांच्या आत मिळतात. प्रश्न कुणाला द्यायची हा आहे. 2015च्या एम्पा-रेग चाचणीत आधीच हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार असलेले मधुमेही होते. सुमारे 3 वर्षांत त्या विकाराने होणारे मृत्यू नकली गोळी घेणाऱ्यांत 5.9 टक्के, तर ही गोळी घेणाऱ्यांत 3.7 टक्के होते. शंभरामागे दोन जीव! हे मृत्यू टाळण्यात 25 मिग्रॅच्या गोळीने 10 मिग्रॅपेक्षा जास्त काही साधलं नाही, तेव्हा उगाच 25 ची पट्टी घेऊ नका.

सोबत ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी दुसरी गोळी) असेल तर त्याचा डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या, नाहीतर साखर एकदम उतरते. निर्जळी उपास, उलट्या असताना एम्पाग्लिफ्लोझिन बंद. ऑपरेशनआधी 3 दिवस बंद. कारण मीटरवर साखर 180 म्हणजे फार जास्त दिसत नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचू शकतात, आणि तिथेच फसगत होते.