किमोच्या वेळी सिस्टर मस्करी करते, तुमच्याकडे कसं असतं?

मुग्धा_नाशिक:
नमस्कार मंडळी, आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, किमो इथे नाशिकलाच चालू आहे. डे केअरला एक सिस्टर आहे केरळची, मराठी फाडफाड बोलते. लाल औषधाची सिरिंज घेऊन आली की "आजी, तुमचं कोकम सरबत आलं, साखर नाही टाकली हां, शुगर आहे ना तुम्हाला". वर "उद्या शू लाल झाली तर मुलाला उठवू नका, तो परत ॲम्ब्युलन्स बोलवेल", कारण पहिल्या वेळी दादा खरंच फोन लावत होता 😄 घरी हल्ली तोंड न उघडणारी आई तिथे खोखो हसते. पण दादाला अजिबात पटत नाही, म्हणतो इथे माणसं जीव मुठीत धरून बसलीयत आणि यांना टवाळक्या सुचतात, तक्रारच करतो. मला तर आवडतं, पण शेजारच्या खुर्चीवरचे काका त्या दिवशी तोंड फिरवून बसले तेही बघितलं. काय करावं?

माजी_सिस्टर:
मी ऑन्कोच्या, म्हणजे कॅन्सरच्या डे केअरला होते, आता सोडलं. दादांना एवढं सांगा, ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, शिरेच्या बाहेर गेलं तर आतून जळतं, जखम होते, म्हणून सिस्टर बाजूला बसून हळूहळू देते. त्या वेळात पेशंट बोलता पाहिजे. गप्पांच्या नादात "इथे चुरचुरतंय गं" पटकन सांगून टाकतात, गप्प बसलेली बाई सहन करत राहते, आपल्या आयांना तर सवयच. बाकी काकांचं तुमचं बरोबर आहे. तीन खुर्च्या पलीकडे कुणाचा रिपोर्ट वाईट आलेला असतो, आवाज बेतानेच ठेवायचा. नवीन पेशंटची तर आम्ही मस्करी करतच नव्हतो, आधी माणूस कळू दे.

खानदेशी_भाऊ:
आमच्या बाबांचं टाटाला होतं, तोंडाचं, तंबाखूची कृपा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. ऑपरेशननंतर बोलणं बंद, नाकातल्या नळीतून दूध नि पातळ वरण. बिहारचे एक चाचा रोज विचारायचे "आज कैसा बना है?" आणि बाबा पाटीवर लिहायचे "नमक कम". सगळी खोली हसायची. जोक मारायला तिथे स्टाफची गरजच नव्हती.

स्वप्ना_के:
माझा अनुभव जरा वेगळा. केस गेल्यावर एका ठिकाणी (नाव नको) काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, मॅडम शाम्पूचा खर्च वाचला. हाच जोक मी घरी रोज मारत होते, पण त्याच्या तोंडून ऐकला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. उलट रेडिएशनचा टेक्निशियन, तो म्हणायचा "ताई, आता हलायचं नाही", मी म्हटलं नवऱ्याचा फोन आला तरी? तर म्हणे "मग तर अजिबातच नाही". पण ते मी सुरू केलं होतं, तो मागून आला. तुमच्या आईच्या बाबतीत सुरुवात कुणी केली ते बघा, आणि तक्रारीआधी आईला विचारा की, दादाला का विचारताय 😅

मुग्धा_नाशिक:
विचारलं आईला. सुरुवात तिचीच निघाली! पहिल्याच दिवशी ती बाटली बघून "आमच्या देवगडला असलं आमसुलाचं सार करतात" म्हणाली होती. आणि मागच्या वेळी नस दुखतेय हे तिने सिस्टरला सांगितलं, मला नाही. किमोसोबतच्या स्टेरॉइडमुळे रात्री झोप नाही, पहाटे उठून डबे घासते, तर सिस्टर म्हणते आमच्या क्वार्टरला पण या, भांडी भरपूर आहेत 😂 तक्रार कॅन्सल, दादा यावेळी बाहेर गाडीत बसणार म्हणतोय, बसू दे. काकांसाठी मात्र सिस्टरला सांगून आईची खुर्ची खिडकीकडे घ्यायला लावते.

माजी_सिस्टर:
खिडकीकडे एसीचा झोत असतो बरं, शाल न्या.