मदत हवी आहे: गोल्डफिश तळाशी बसून आहे

नमस्कार मंडळी, माझा ओरांडा गोल्डफिश परवापासून टाकीच्या कोपऱ्यात तळाशी बसून आहे. पर अंगाला चिकटलेले, कल्ले भराभर हलतात, शेपटीत बारीक लाल रेघा दिसतात. एरवी माझी चाहूल लागली की काचेशी येणारा, आता दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. पांढरे ठिपके नाहीत.

टाकी ६० लिटरची, मासे दोन. रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्यातले, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे चांगले जिवाणू मेले असावेत. आज पाणी तपासलं तर अमोनिया १ पीपीएम (लिटरमागे १ मिलीग्रॅम) आला, खरं तर शून्य हवा. निम्मं पाणी बदललं (क्लोरीन काढून), खाणं बंद केलंय.

लाल रेघा अमोनियामुळेच, की आतून संसर्ग आहे, हे कसं ओळखायचं? दुकानदार अँटिबायोटिक टाका म्हणतात, पण खात्रीशिवाय धीर होत नाही. दुसराही आज सुस्त वाटतोय. कृपया लवकर सांगा.