गोव्यातील धर्मवास्तूंची टपाल तिकिटे: एकत्र संच असावा की स्वतंत्र तिकिटे?

दीपमाळ (धागाकर्ता):
15 ऑगस्ट 1949 रोजी स्वतंत्र भारताने पुरातत्त्वीय वारशाची जी तिकीटमालिका काढली, तिच्यात 3½ आण्यांवर बोधगयेचे मंदिर, 6 आण्यांवर विजापूरचा गोलघुमट, 12 आण्यांवर अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि 15 रुपयांवर पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर होते. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात असल्याने तिच्यात येणे शक्यच नव्हते. आपल्या पत्रांवर पोर्तुगीज इंडियाची तिकिटे लागत, आणि 1931 मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती संताचे शव दर्शनासाठी मांडले, तेव्हा निघालेला संचही त्यांनाच वाहिलेला होता. मुक्तीनंतर भारतीय टपाल खात्याने 1974 मध्ये झेवियर यांच्यावर तिकीट काढले, ते योग्यच झाले.

आता तांबडी सुर्लचे महादेव मंदिर, फोंड्याची सफा मशीद, जुन्या गोव्याचे बॉम जेझुस चर्च आणि मंगेशीचे मंदिर यांचा एक जोडसंच, म्हणजे एकमेकांना जोडून छापलेल्या तिकिटांचा संच, निघावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या देवळांवरचा घुमट, चर्चच्या धाटणीच्या खिडक्या, मशिदीचे उतरते कौलारू छप्पर आणि तिन्हीकडे दिसणारा चिरा (तांबडा जांभा दगड) हे शेजारी-शेजारी पाहिले की इथल्या गवंड्यांनी कोणाकडून काय उचलले, ते न सांगता कळते.

चिरेबंदी:
हेतू चांगला असला तरी हा संच मला धर्मवार वाटणीसारखा दिसतो. कदंबकालीन तांबडी सुर्ल या मांडणीत बसतच नाही, कारण चिऱ्याच्या मुलखात ते काळ्या बेसाल्टमध्ये उभे आहे आणि ते बांधले गेले तेव्हा पोर्तुगीज यायचे होते, आदिलशाहीही यायची होती. त्याने या देवाणघेवाणीतून काहीच घेतलेले नाही, आणि तेच त्याचे मोल आहे.

शिवाय 1949 च्या मालिकेत केवळ इमारती नव्हत्या. अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती असे तपशीलही होते. तांबडी सुर्लच्या मंडपातील एका खांबाच्या तळाशी घोड्याला पायाखाली घेणारा हत्ती कोरलेला आहे. तिकिटाच्या बोटभर जागेत तो पूर्ण देवळापेक्षा कितीतरी ठसठशीत उतरेल. याउलट मंगेशीचे सौंदर्य एका इमारतीत नाही. तळी, चौक, अग्रशाळा (भाविकांच्या निवासाच्या खोल्या) आणि सात मजली दीपस्तंभ मिळून ते देवस्थान होते, आणि समोरून काढलेल्या चित्रात त्यातले निम्मे गळून जाईल.

सासष्टीकर:
मला दोघांचेही पटत नाही. बॉम जेझुसचे चित्र कोणत्या अवस्थेतील काढणार? 1950 च्या दशकात बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला गेला आणि आज उघडा तांबडा दगडच सर्वांना मूळ रूप वाटतो. सच्छिद्र जांभ्याला आपल्या पावसात गिलाव्याचे कवच लागते, म्हणून तो पुन्हा चढवावा अशी मागणी होत असताना सरकारी तिकिटावर उघडी भिंत छापली, तर एका वादग्रस्त कामावरच मोहोर उमटेल. दुसरे असे की, नांदत्या देवस्थानाच्या चित्रावर टपालाचा काळा शिक्का बसणे अनेक भाविकांना रुचणार नाही.

दीपमाळ:
शिक्क्याची हरकत मला मान्य नाही. सुवर्णमंदिराच्या तिकिटावरही शिक्का बसलाच आणि त्यामुळे त्या स्थानाचे पावित्र्य उणावले नाही. गिलाव्याचा मुद्दा मात्र वजनदार आहे, पण तो तिकीट न काढण्याचे कारण ठरू नये. तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात गिलावा काढल्याची नोंद स्पष्ट छापावी, म्हणजे आज त्या तांबड्या भिंतीसमोर छायाचित्र काढून परतणाऱ्यालाही तो इतिहास कळेल.

चिरेबंदी यांच्या हत्तीला माझा पूर्ण पाठिंबा आहे, परंतु तांबडी सुर्लला वगळायला नाही. बाकीच्या तिन्ही वास्तूंच्या आधी या भूमीत काय घडत होते, हे त्याच्याशिवाय त्या संचात कोण सांगणार? मंगेशीसाठी दीपस्तंभ आणि त्यामागचा घुमट असे उभे तिकीट घ्यावे, आणि सफा मशिदीचे तळ्याच्या बाजूने घ्यावे, म्हणजे तळ्याच्या काठच्या मेहराबीही दिसतील. 1560 मध्ये ती उभारणाऱ्या आदिलशाहीचाच गोलघुमट 1949 मध्ये तिकिटावर आला होता.

चिरेबंदी:
उभे तिकीट आणि तळ्याची बाजू मान्य. वेगळ्या काळातल्या देवळाला त्याच पानावर बसवणे अजूनही मान्य नाही. तांबडी सुर्लचे स्वतंत्र तिकीट आधी निघावे, संच मागून येऊ दे.