माबिकी : 'शिशुहत्या' की 'विरळणी'?

प्रश्न : जपानी खेड्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. एदो काळात (1603–1868) शेतकरी घरांत नको असलेलं मूल जन्मताच मारत, त्याला 'माबिकी' म्हणत. मी 'शिशुहत्या' लिहिलंय. चालेल ना?

उत्तर : अर्थ पोचेल, शब्द मात्र हरवेल. 'मा' म्हणजे मधली जागा, 'हिकु' म्हणजे ओढणं, उपटणं. दाट उगवलेली रोपं उपटून बाकीच्यांना जागा करायची, ती माबिकी. ज्वारी उगवून आली की आपण करतो ती विरळणीच. उपटलेल्या कोवळ्या पाल्याला आजही 'माबिकीना' म्हणतात, त्याची भाजी होते. रोजच्या शेतकामातला हा शब्द त्या घरांनी बाळंतिणीच्या खोलीत नेला, हे वाचकाला कळायलाच हवं. दुसरा शब्द 'कोगाएशी', म्हणजे मूल परत पाठवणं.

पण शब्द मऊ होता म्हणून सगळ्यांचं मन निर्ढावलं होतं, असं समजू नका. इबाराकीतल्या तोने गावी तोकुमान्जी मंदिरात एक चित्रफळी आहे. डोक्याला पट्टी बांधलेली बाई नवजात बाळाचा जीव घेते आहे, मागच्या कागदी दारावर तिची सावली पडलीय आणि त्या सावलीला शिंगं आहेत. कोपऱ्यात जिझो, म्हणजे मुलांचा रक्षक मानला जाणारा बोधिसत्त्व, रडतो आहे. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी ती लहानपणी पाहिली आणि जन्मभर विसरले नाहीत.

प्रश्न : विरळणीत आम्ही मरतुकडं रोप काढतो. तिथे मुलीच काढत का?

उत्तर : नाही, म्हणून तर हा शब्द इतका नेमका आहे. इतिहासकार टी. सी. स्मिथ यांनी एका जपानी गावाच्या 1717 ते 1830 च्या नोंदवह्या तपासल्या आणि 1977 साली पुस्तक लिहिलं. गावाला त्यांनी 'नाकाहारा' हे टोपणनाव दिलं. वही लिहिण्याआधीच गेलेलं मूल कागदावर येतच नाही, त्यामुळे नोंदवलेल्या मुलामुलींच्या क्रमावरून त्यांनी अंदाज बांधला. आधीचे मुलगे जास्त तर पुढची मुलगी राहायची, मुली जास्त तर मुलगा. बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरांतही हेच दिसलं, म्हणजे निव्वळ भूक हे कारण पुरत नाही.

आणखी एक : पेरणीत खाडे पडले की आपण नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावतो. तसंच वारस नसलेलं जपानी घर दत्तक घ्यायचं, पुष्कळदा मोठ्या वयाचा जावईच. त्या दत्तकाला 'मुकोयोशी' म्हणतात.

प्रश्नकर्ती : 'माबिकी' तसाच ठेवते, पहिल्या उल्लेखाला 'विरळणी' जोडते. 'शिशुहत्या' त्याच वाक्यात पुढे येईल.