शब्दचर्चा : 'वाढणे' – पंगतीतले आणि मंडळीतले

नगरकर :
रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) सांगितलं, "सेवेने आत्मिक वाढ होते." अर्ध्या तासात प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीचं (चर्चच्या सभासदांचं) एकत्र जेवण, सुरू झालं आणि मी बादली घेऊन पंक्तीत भात वाढायला लागलो. तेव्हा डोक्यात आलं, मुलं वाढतात आणि भातही वाढतात. हा एकच शब्द की नुसता योगायोग?

व्याकरणवेडी :
योगायोग नाही, आणि जोडी फार जुनी आहे. पालीत 'वड्ढेति' म्हणजे वाढवतो, आणि अन्न वाढतो हाही अर्थ. 'भत्तं वड्ढेत्वा' म्हणजे भात वाढून. मराठीत फरक कळतो तो भूतकाळात. 'मुलगा वाढला', पण 'मुलाने भात वाढला'. पहिल्यात कर्त्यालाच काहीतरी होतं, दुसऱ्यात तो दुसऱ्याच्या ताटात काही घालतो. (नारळ आणि बांगडी 'वाढवणे' मात्र वेगळं, तिथे 'फुटणे' तोंडातून काढायचं नसतं.)

वसईकर :
यात ग्रीकची गंमत घाला. बायबलच्या नव्या करारात 'सेवा' येते तिथे अनेकदा मूळ ग्रीक शब्द 'डायकोनिया' असतो, आणि त्याच्या जुन्या अर्थांतला एक म्हणजे मेजावर वाढणं. 'डीकन' हा चर्चमधला हुद्दा त्यातूनच आला. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 6 बघा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं म्हणून कुरकुर होते, मग सात जण निवडले जातात. तिथे रोजचं वाटप आणि प्रेषितांनी (येशूच्या निवडक शिष्यांनी) स्वतःकडे ठेवलेली वचनाची सेवा, म्हणजे उपदेश, दोन्हींना डायकोनियाच म्हटलंय. मराठी बायबलात ही डायकोनिया करणारा माणूस वेशीवेशीवर नाव बदलतो : काना गावच्या लग्नात तो 'चाकर', फिलिप्पैच्या पत्रात 'सेवक', आणि रोमच्या पत्रातली फिबी 'सेविका'.

नगरकर :
म्हणजे पत बघून शब्द दिला! मला खटकतं ते हेच. आमच्याकडे 'ते सेवेत आहेत' म्हणजे पाळक किंवा प्रचारक, दुसरं कोणी नाही. सतरंज्या घालणाऱ्या मावशी वीस वर्षं घालतायत, पण त्या 'मदत करतात'. सेवेला आपण हुद्दा करून टाकलं.

वसईकर :
थोडा दोष 'सेवा' या शब्दाचाही. मराठीत सेवा वर बघून होते : देवाची, गुरूची, आईवडिलांची. डायकोनिया खाली वाकून पण होते. मार्क 10:45 मध्ये सेवा करायला आलोय असं येशू म्हणतो, ते शिष्यांचा मोठेपणावरून वाद झाल्यावर. मराठी कानाला त्यातला धक्का कमी बसतो. 'वाढायला आलोय' म्हटलं असतं तर बसला असता.

व्याकरणवेडी :
आणि 'आत्मिक'? मला तर 'आध्यात्मिक' जास्त ओळखीचं.

नगरकर :
'आध्यात्मिक' म्हटलं की डोळे मिटून आत जाणं आठवतं. आमच्या 'आत्मिक'मध्ये पवित्र आत्मा आहे, कृपादानं, म्हणजे त्या आत्म्याने दिलेल्या देणग्या, आहेत. करिंथच्या पहिल्या पत्रात, अध्याय 12 मध्ये, पौल दानांची यादी करतो, त्यात प्रेषित आणि चमत्कारांच्या सोबत साध्या मदतीचंही दान आहे. म्हणजे सतरंजीवाल्या मावशी यादीत आहेतच! आणि त्याच पत्रात मराठी बायबल 'उन्नती' म्हणतं, तो ग्रीकमध्ये घर बांधण्याचा शब्द आहे. बांधकाम चालतं मंडळीचं. आपल्या एकट्याची उंची मोजत बसायला तिथे फारशी जागा नाही.

वसईकर :
वाटपासाठी निवडलेल्या त्या सातांपैकी स्तेफन पुढे यहूदी न्यायसभेसमोर उभा राहिला आणि दगडांनी मारला गेला. फिलिप्प शोमरोनात (समारियात) उपदेश करत गेला. दोघांचीही पहिली नेमणूक वाटपावरच!

व्याकरणवेडी :
मग 'डीकन'ला मराठी शब्द तयारच आहे की. वाढपी.

नगरकर :
पास्टोरेट कमिटीत (चर्चच्या कारभारी समितीत) सुचवून बघतो. खुर्चीवरचे दोघे नाराज होतील, मावशी मात्र विचारतील, "भात उरलाय का?"