मुंबई–न्यूयॉर्क: १४ तासांचे १६ कसे होतात

अंतर सुमारे १२,५५० किमी, विमानाचा वेग ताशी ९०० किमी, म्हणजे १४ तास. हा वरचा हिशोब बरोबर आहे, पण वारा धरलेला नाही. विमान उडतं त्या उंचीवरचे जेट प्रवाह (वेगवान वाऱ्याचे पट्टे) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, म्हणून साधारण १६ तास. परतताना पाठीशी, म्हणून कमी. हिवाळ्यात फरक जास्त. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीची रांगही त्यातच. पाकिस्तानचं आकाश बंद असेल तर वळसा वेगळाच.

खरी गफलत स्थानिक वेळांत होते. पहाटे २ ला निघून त्याच दिवशी सकाळी ८:३० ला पोहोचलात, तर घड्याळातल्या ६:३० तासांत दोन शहरांतल्या वेळेचा ९:३० तासांचा फरक मिळवा: १६ तास. नोव्हेंबर ते मार्च मात्र १०:३० मिळवायचे.